पाटणकरबाई साध्या नव्हत्या

बाई, परवा तुमची शोकसभा झाली. सेक्टरच्या कम्युनिटी हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. पुढं तुमचा फोटो, तोही सरकारी कार्डावर असतो तसला, डोळे वटारलेला. चार जण बोलले आणि चौघांनी एकच गोष्ट सांगितली. पाटणकरबाई फार साध्या होत्या. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. एक जण म्हणाला, "बहुत सीधी थीं जी. बस अपना टाइपिंग का काम, और घर."

मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "झूठ है."

सगळा हॉल मागं वळला. आता पुढं बोलायला पाहिजे होतं, पण सुरुवात कुठून करायची ते सुचेना. शेवटी तुमची लेक अमृता उठून आली, मला पाणी दिलं आणि कानात म्हणाली, "काका, तुम्ही लिहा ना. मराठी मंडळाच्या अंकात देऊ."

म्हणून लिहितो आहे. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं फौजेत. सुनेला सांगून ठेवलंय, वेलांट्या बघ, पण वाक्यांना हात लावू नको. तुम्हाला हे आवडणार नाही हे मला माहीत आहे. "कशाला सांगायचं, माने?" हे तुम्ही मला किती वेळा म्हणालात त्याला गणती नाही. पण आता तुम्ही मला अडवू शकत नाही. आपल्या ओळखीत पहिल्यांदाच माझं बोलणं मध्ये न तुटता पूर्ण होणार आहे.

फौजेतून हवालदार म्हणून सुटलो तेव्हा गावी जायचं ठरलं होतं. कोरेगावला भाऊ वाट बघत होता. पण मुलांची शाळा दिल्लीत होती, म्हणून वर्षभरासाठी थांबलो, ते आजपर्यंत थांबलो. आधी फरीदाबादला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा कापायच्या-दाबायच्या शेडमध्ये, लागलो. तिथं पाच महिने काढले. ते का सोडलं ते पुढं सांगतो. मग नोएडात आपल्या कारखान्यात आलो. ते दिवस असे होते की नव्या नव्या गाड्या रस्त्यावर यायला लागल्या होत्या आणि त्यांना लागणारे पत्र्याचे तुकडे बनवायला जो तो शेड टाकत होता. एका सेक्टरात कारखाना आणि पलीकडच्या सेक्टरात अजून गहू, अशी नोएडाची अवस्था. मी चोवीस वर्षं फौजेची इंजिनं खोललेला माणूस, पण सर्टिफिकेट नाही म्हणून मला 'हेल्पर' म्हणून घेतलं.

पहिल्याच दिवशी गेटजवळच्या केबिनमधून आवाज आला, "अहो, भाजी फ्रिजमध्ये आहे, फक्त गरम करा." तुम्ही फोनवर पाटणकरसाहेबांना सांगत होतात. मी दारातच थांबलो. दिल्लीत इतकी वर्षं काढून सुद्धा मराठी कानावर पडलं की पाय थांबतात. तुम्ही फोन ठेवलात आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलंत.

"साताऱ्याकडचे?"

"कोरेगाव. तुम्हाला कसं कळलं?"

"बुटांना पॉलिश आहे आणि चेहऱ्यावर राग आहे. फौजी दिसता."

मला राग होताच. चोवीस वर्षांनी हेल्पर झालो होतो, राग नसेल तर काय असेल? तुम्ही स्टेनो-टायपिस्ट होतात. सुती साडी, कापडी पिशवी, पिशवीतून बाहेर डोकावणारा मुळ्याचा पाला. मी मनात म्हटलं, बिचारी बाई. बघा, मी सुद्धा तेच केलं. शोकसभेतल्या त्या चौघांवर मी उगाच चिडलो.

तुम्ही कोण आहात ते कळायला मला तीन महिने लागले. जेवायच्या सुट्टीत आपण दोघं डबा एकत्र खायचो, कारण बाकी सगळ्यांना माझा ठेचा चालत नव्हता. एकदा मी कुठल्याशा शाफ्टबद्दल बडबडत होतो. तुम्ही पोळीचा तुकडा मोडत म्हणालात, "केसभर जास्त घासलाय म्हणून आवाज येतोय." मी घास हातात धरून बघत राहिलो. मग तुम्ही सांगितलंत, तुमच्या वडिलांचं मिरजेला लेथचं छोटं वर्कशॉप होतं. दोन वेण्या घालायच्या वयापासून तुम्ही मायक्रोमीटर धरत होतात. भाऊ नव्हता, म्हणून वडिलांनी तुम्हालाच शिकवलं. मग लग्न झालं, दिल्ली आली, टायपिंगची परीक्षा दिलीत.

"इथं कुणाला सांगितलं नाही?"

"कुणी विचारलं नाही."

"म्हणून सांगायचं नाही?"

"अहो माने, मी मीटिंगमध्ये कोपऱ्यात वही घेऊन बसते. माझ्यासमोर सगळे सगळं बोलतात. खुर्चीनं ऐकलं काय आणि मी ऐकलं काय, त्यांना सारखंच. मला काही येतं असं कळलं की बोलायचे थांबतील."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचो, माणसानं आपली किंमत तिथल्या तिथं सांगायला पाहिजे. कुणी हेल्पर म्हटलं की त्याला तिथंच उलटं उत्तर. तुम्ही म्हणायचात, समोरच्याचा आपल्याबद्दलचा अंदाज चुकू द्यावा, त्याच्या चुकीचा उपयोग आपल्याला होतो. मी म्हणायचो, ही भित्र्याची भाषा आहे. तुम्ही म्हणायचात, भाजीत मीठ कमी आहे का हो? तुम्ही कधी हरला नाहीत, कारण तुम्ही भांडायलाच यायचा नाहीत.

आता फरीदाबादचं.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. पॉवर प्रेस म्हणजे पत्रा कापायचं आणि दाबायचं मशीन. पत्रा आत ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून लोखंडाचा ठोकळा खाली येतो. पेडल एकदा दाबलं तर ठोकळा एकदाच यायला पाहिजे. पण आतला क्लच झिजला असेल, ब्रेक ढिला असेल, तर मशीन तापल्यावर ठोकळा न दाबताच दुसऱ्यांदा खाली येतो. त्याला आम्ही 'डबल मारणं' म्हणायचो. आणि त्याच वेळी माणसाचा हात तयार झालेला तुकडा काढायला आत गेलेला असतो. फरीदाबादला हरिलाल नावाचा ऑपरेटर होता, बिहारमधल्या आऱ्याकडचा. माझ्यासमोर त्याची तीन बोटं गेली. त्याचं ओरडणं मला आठवत नाही. तो ओरडलाच नव्हता बहुतेक. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर दुसरा माणूस बसवला. मी मशीन बंद करा म्हणालो, तर मला म्हणाले, तू कोण? मी त्याच संध्याकाळी हिशेब न घेता निघालो.

हे मी तुम्हाला डब्यावर सांगितलं होतं. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. पण प्रश्न फार विचारलेत. किती वेळानं तापतं? आधी आवाज बदलतो का? हाताऐवजी काय वापरता येईल? मी सांगत गेलो. मला वाटलं, बाईमाणूस आहे, मनाला लागलंय, विचारते आहे. तुम्ही माझं बोलणं साठवत होतात हे मला कळलं नाही.

पुढं कारखान्याला मोठं काम मिळालं आणि मोठा प्रेस पाहिजे झाला. फरीदाबादचा एक जुना कारखाना बंद पडला होता, त्याची मशीनं एक लालाजी विकत होता. आपले छोटे साहेब, म्हणजे मालकांचा पुतण्या, नुकताच शिकून आलेला. तो मशीन पसंत करायला जाणार होता. तुम्ही कागदपत्रं सांभाळायला आणि मी सामान उचलायला. आदल्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "माने, उद्या जरा जुनेपुराणे कपडे घालून या. तेलाचे डाग असलेले. काही येत नाही असं दिसा."

मी काय म्हणालो ते तुम्हाला माहीत आहे. मी म्हणालो, हवालदार नामदेव माने मळक्या कपड्यात कुणाच्या दारात जात नाही. आणि दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि बुटात तोंड दिसेल इतकं पॉलिश केलं.

मे महिना. छोटे साहेब आपल्या पांढऱ्या गाडीत, आपण दोघं कंपनीच्या टेम्पोत. तुम्ही मला एक फाईल दिलीत, "धरा, उडेल," म्हणून. नोएडा ते फरीदाबाद मी ती मांडीवर दाबून बसलो होतो. गरम वाऱ्याची लू अशी होती की कागद सुद्धा गरम लागत होते.

लालाजीनं मला बघितलं आणि तो सावध झाला. इस्त्री, बूट, मिशा. "फौजी साब, आप इधर आइए, लस्सी पीजिए." मी मशीनजवळ गेलो की तो माझ्या खांद्यावर हात टाकून मला बाजूला घेऊन जायचा. मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बेअरिंग ऐकायला गेलो, तर तेवढ्यात मशीन बंद. तुमच्याकडं मात्र कुणी बघितलं नाही. तुम्हाला एक मोडका स्टूल दिला, तो नेमका प्रेसच्या शेजारी. तुम्ही तिथं बसलात, पिशवीतून गवार काढलीत आणि मोडायला लागलात. कारखान्याच्या शेडमध्ये, पदर खोचून! लालाजीचा मिस्त्री तुमच्यासमोरच आपल्या माणसाला म्हणाला, "पौन घंटे से ऊपर मत चलाना. गरम होते ही डबल मारेगी."

तुम्ही गवार मोडत होतात.

थोड्या वेळानं मला हाक मारलीत, "माने, पाणी मिळेल का बघा हो." मी जवळ आलो तेव्हा मराठीतच, मान वर न करता म्हणालात, "पाऊण तासानं डबल मारते म्हणतायत. गप्प राहा. मी बघते."

बाई, मी गप्प राहिलो नाही. मला हरिलालचा हात दिसला. मी सरळ छोटे साहेबांपुढं गेलो आणि बोंब ठोकली, "साब, ये मशीन डबल मारती है! आदमी का हाथ काटेगी!"

लालाजी हसला. "अच्छा? चलो, देख लो फौजी साब." आणि त्यानं मशीन दहा मिनिटं चालवून दाखवलं. थंड मशीन, एकदम सरळ चाललं. एक ठोका, एक तुकडा. लालाजी म्हणाला, "किसने बताया आपको?" मी तुमच्याकडं बघणार होतो. नाही बघितलं, एवढंच त्या दिवशी मी शहाण्यासारखं केलं.

छोटे साहेब लाल झाले. "माने, तुम हेल्पर हो ना? हेल्पर की तरह रहो. बाहर बैठो."

मी बाहेर जाऊन गेटजवळच्या कडुनिंबाखाली बसलो. चोवीस वर्षांत एवढा अपमान झाला नव्हता. पण अपमानापेक्षा वाईट हे होतं की मशीन आता येणार होतं. मी घाई केली, थंड मशीनवर बोट ठेवलं, आणि साहेबाचा त्याच्यावर उलट विश्वास बसवून दिला. आपल्या शेडमध्ये ते लागणार, आणि त्याच्यावर आपली माणसं बसणार. कुणाची बोटं जाणार ते मी नावानिशी मोजत बसलो. मोहन, इद्रीस, श्यामलाल.

आत काय झालं ते मला नंतर टेम्पोच्या ड्रायव्हरनं सांगितलं, तो दारात उभा होता. साहेब सही करायला बसले. तुम्ही गवार बाजूला ठेवलीत, पदराला हात पुसलेत, फाईल उघडलीत आणि म्हणालात, "सर, बस ये दो खाने खाली हैं."

"कौन से?"

"यहाँ लिखा है, मशीन एक घंटा लगातार चलाकर देखी, हाँ या ना. और माल हाथ से नहीं, चिमटे से डाला. नीचे देखने वाले के साइन. खाली रहेगा तो करोल बाग वाले वापस भेज देंगे, सर. मुझे तो कुछ समझता नहीं, मैं तो टाइप करती हूँ."

करोल बागला मोठ्या साहेबांचं ऑफिस होतं, आणि पुतण्या काकाला घाबरायचा. न बघता सही करायची त्याची छाती झाली नाही. लालाजी म्हणाला, इतनी गर्मी में बहनजी को क्यों परेशान करना, बिजली भी जाने वाली है. तुम्ही म्हणालात, "कोई बात नहीं भैया, मेरी सब्ज़ी भी बाकी है." आणि परत स्टुलावर बसलात.

मशीन चालू झालं. ऑपरेटर चिमट्यानं पत्रा घालत होता आणि चिमट्यानं काढत होता. मला बाहेर ठोके ऐकू येत होते. एक, मग थांबून एक. किती तरी वेळ तसंच. मला आशाच राहिली नव्हती. आणि मग एकदम दोन. धाड्, आणि लगेच परत धाड्. मी उठून आत पळालो.

चिमटा मशीनच्या तोंडात होता. पापडासारखा चपटा झालेला. ऑपरेटर आपला उजवा हात डाव्या हातानं धरून बघत होता, आहे ना, म्हणून. तुम्ही तेवढ्यात गवारीच्या शिरा झाडल्यात आणि विचारलंत, "सर, तो इसमें 'ना' लिखूँ?"

परत येताना टेम्पोत मी तुमच्यावर ओरडलो, आठवतं? कारण छोटे साहेब तिथंच सगळ्यांना सांगायला लागले होते, "मैंने बोला, एक घंटा चलाओ." आणि तुम्ही मान डोलावत होतात.

"तुम्ही का नाही सांगितलं, तुम्ही ऐकलं म्हणून?"

"सांगितलं असतं तर पुढच्या खरेदीला मला नेलं असतं का?"

"त्यानं श्रेय खाल्लं तुमचं!"

"खाऊ दे. मशीन आलं का?"

"नाही."

"मग?"

"मग काय? बसा जन्मभर गवार मोडत!"

तुम्ही इतक्या हसलात की ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. मग म्हणालात, तो फॉर्म करोल बागचा नव्हताच. सकाळी साडेनऊला ऑफिसात येऊन तुम्हीच टाइप केला होता. "फॉर्म कोण वाचतं, माने? सही करणारा फक्त सहीची जागा बघतो. आणि टायपिस्टनं काही नवीन घातलं असेल असं कुणाच्या मनात सुद्धा येत नाही."

मी पंधरा दिवस तुमच्याशी बोललो नाही. आज सांगतो, तो राग तुमच्यावर नव्हता. तुम्ही स्टुलावर बसून केलं ते मला इस्त्रीच्या शर्टात जमलं नाही, त्याचा तो राग होता. सोळाव्या दिवशी तुम्ही डब्यातली वाटी माझ्याकडं सरकवलीत. गवारीची भाजी. दाण्याचं कूट घातलेली. मी खाल्ली.

त्यानंतर त्या फॉर्मवर आपण किती मशीनं बघितली! दर खरेदीनंतर त्यात एकदोन ओळी वाढायच्या. मी डब्यावर बोलायचो, तुम्ही ऐकायचात. आणि हो, हे पण कबूल करतो. एकदा करोल बागला ब्रेकचे लायनिंग आणायला मी जुना पायजमा आणि टोपी घालून गेलो. तुम्हाला न सांगता गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "ताऊ, तू रहने दे, तेरे बस का नहीं," आणि माझ्यासमोरच नोकराला नकली माल कुठल्या खोक्यात आहे ते सांगितलं. मी दुसऱ्या खोक्यातला घेऊन आलो. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही जिंकल्यासारखं काही केलं नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी पोहे आणलेत, वर खोबरं जरा जास्तच.

मग दोन वर्षांनी परदेशी कंपनीची माणसं आली. भागीदारी करायची होती. त्यांच्यात एक म्हातारा साहेब होता, तो कागद तळापर्यंत वाचणारा निघाला. त्यानं आपला फॉर्म काढला आणि विचारलं, हा कुणी बनवला? छोटे साहेब म्हणाले, मी. म्हाताऱ्यानं विचारलं, एकच तास का? अर्धा का नाही, दोन का नाहीत? छोटे साहेब फाईलची पानं उलटायला लागले. तुम्ही कोपऱ्यात वही घेऊन बसला होतात. मग म्हाताऱ्यानं कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे एन. एम. कोण?

टायपिस्ट लोकांची एक जुनी रीत असते म्हणे. ज्यानं मजकूर सांगितला त्याची अक्षरं मोठी, आणि ज्यानं टाइप केला त्याची पुढं बारीक. तुम्ही पहिल्या दिवसापासून प्रत्येक फॉर्मखाली ते लिहीत होतात. मोठ्या अक्षरात एन. एम., नामदेव माने. बारीक अक्षरात तुमचं.

मला तेलाच्या हातानं वर बोलावलं. म्हाताऱ्यानं विचारलं, चिमटा का? मी हरिलालचं सांगितलं, निम्मं हिंदीत, निम्मं मराठीत. तुम्ही उभ्या राहिलात आणि माझं बोलणं इंग्रजीत सांगायला लागलात. छोटे साहेबांनी तुमच्याकडं जे बघितलं ना, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मग म्हाताऱ्यानं तुम्हालाच विचारायला सुरुवात केली. कुठलं मशीन कधी घेतलं, कुठल्या विक्रेत्यानं काय लपवलं, कुठला माल परत का गेला. तुम्ही वही न उघडता सांगत होतात. कारखान्यात लागल्यापासून सात वर्षं तुम्ही फक्त ऐकलंत, आणि एक दुपार बोललात. पुढच्या महिन्यात तुम्ही परचेस ऑफिसर झालात. मी फोरमन झालो. खरेदीला जाताना तुम्ही पिशवीत भाजी न्यायचं मात्र सोडलं नाहीत.

मी तेव्हाही भांडलो. "मला न विचारता माझं नाव का टाकलं? काही चुकलं असतं तर?"

"तर मी म्हटलं असतं, टायपिंग मिस्टेक." आणि वर म्हणालात, "तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही मोठ्या अक्षरात पूर्ण नाव टाका म्हणाला असतात."

मी हसलो. पण घरी जाताना बसमध्ये माझ्या डोक्यात उजेड पडला. ती फाईल मी नोएडापासून फरीदाबादपर्यंत मांडीवर घेऊन बसलो होतो. त्यात माझेच शब्द होते, खाली माझंच नाव होतं, आणि मला कळलं नव्हतं. कारण मला इंग्रजी वाचता येत नाही. हे मी फौजेत लपवलं, कारखान्यात लपवलं, बायकोपासून सुद्धा लपवलं. चष्मा विसरलो म्हणायचो. तुम्हाला जे येत होतं ते तुम्ही झाकून ठेवलंत, आणि मला जे येत नव्हतं ते मी. पण माझं तुम्हाला माहीत होतं. मी फोरमन झालो त्या दिवसापासून प्रेस शॉपची प्रत्येक नोटीस, प्रत्येक चिठ्ठी हिंदीत टाइप होऊन यायला लागली. छोटे साहेबांनी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "वर्कर्स के लिए, सर." वर्कर माझं तोंडी ऐकायचे, त्यांना चिठ्ठीची गरज नव्हती. ती माझ्यासाठी होती. मी दहा वर्षं त्या चिठ्ठ्या वाचल्या आणि एकदाही तुम्हाला काही बोललो नाही. तुम्हीही नाही. आज लिहितो, बाई. उपकार झाले. हे तोंडानं म्हणायला मला जमलं नसतं.

तुमचं सगळं बरोबर होतं असं मात्र मी अजून म्हणणार नाही. सात वर्षं फार झाली. गेल्या दिवाळीत तुमच्या बाल्कनीत बसलो होतो, तुमचा श्वास लागत होता, तेव्हा तुम्ही स्वतःच म्हणालात, "माने, एखाद्या वेळी तुमच्यासारखं ओरडायला पाहिजे होतं. नुसतं मजा म्हणून." मी म्हणालो, आता ओरडा. तुम्ही खाली बघितलंत, पार्किंगमध्ये कुणी नव्हतं, आणि बारीक आवाजात म्हणालात, "मला येतं!" एवढंच. मग दोघंही खोकेपर्यंत हसलो.

तुम्हाला नेलं त्या दिवशी कारखान्यातली जुनी माणसं आली होती. कुणी कळवलं माहीत नाही. मोहन, इद्रीस, श्यामलाल आणि आणखी पाचसहा, सगळे आता म्हातारे. मला गुडघ्यामुळे खांदा देता आला नाही, मी मागून चालत होतो. पुढच्यांची डोकी टॉवेलानं झाकलेली, तोंडं दिसत नव्हती. फक्त बांबूला धरलेले हात दिसत होते. प्रेस शॉपमध्ये आयुष्य गेलेला माणूस आधी हातच बघतो, सवय आहे. खांदे बदलत होते, नवे हात लागत होते, आणि मी गेटपर्यंत एकेक हात बघत गेलो.

सगळी बोटं होती, बाई.